जेनोआची जुनी दारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी जेनोआत राहते. सुट्टीच्या दिवशी गल्ल्यांतून दारं बघत फिरते आणि त्यांचे फोटो ओळखीपाळखीच्यांना पाठवते. त्यावर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत.

१. इटलीत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असताना दारं बघायला जेनोआच का?

इथे घराकडे मागे सरकून बघायला जागाच नाही, म्हणून. डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्या चिंचोळ्या पट्टीत मध्ययुगापासून माणसं दाटीवाटीने राहत आली आणि घरं सहा-सात मजले उंच चढत गेली. मधल्या गल्ल्या (इथला शब्द 'कारुज्जी') काही ठिकाणी इतक्या अरुंद आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागतात. अशा गल्लीत कोणी कितीही सुंदर दर्शनी भिंत बांधली तरी ती दिसणार कोणाला? मग घराण्याचा सगळा दिमाख येणाऱ्याच्या नाकासमोर येतो तिथे, म्हणजे दाराच्या चौकटीवर आणि चौकटीच्या वर, उतरला. फ्लोरेन्समध्ये इमारत बघतात, इथे दार.

२. नाव नक्की काय? जेनोआ, जिनोआ की जेनोव्हा?

इटालियनमध्ये जेनोव्हा, स्थानिक बोलीत 'झेना'. आपल्याकडे जेनोआ रुळलं आहे म्हणून मीही तेच वापरते. रेल्वेच्या पाट्यांवर मात्र जेनोव्हा शोधा. मुख्य स्थानकं दोन आहेत, पियाझ्झा प्रिंचिपे आणि ब्रिन्योले. दारांसाठी प्रिंचिपेला उतरा.

३. दारावरच्या त्या कोरीव पट्टीला काय म्हणतात?

'सोव्रापोर्ता', म्हणजे दारावरचं. आपल्या वाड्याच्या चौकटीवर मधोमध गणपती असतो ती गणेशपट्टी आठवा. जागा तीच आणि हेतूही बराचसा तोच: आत जाणाऱ्याने आधी वर बघावं, कोणाच्या आश्रयाला हे घर आहे ते कळावं. इथे गणपतीच्या जागी बहुतेकदा घोड्यावरचा सेंट जॉर्ज असतो. त्याचा भाला खालच्या ड्रॅगनच्या जबड्यात घुसलेला, बाजूला हात जोडून उभी राजकन्या आणि दोन्ही टोकांना घराण्याचं चिन्ह असलेल्या ढाली.

यांतल्या बऱ्याच पट्ट्या पंधराव्या शतकातल्या आणि सोळाव्याच्या सुरुवातीच्या आहेत. कोरणारे कारागीर अनेकदा बाहेरून आलेले. लुगानो सरोवराकाठच्या बिस्सोने गावचं गाजिनी घराणं त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं.

४. सगळीकडे सेंट जॉर्जच का? तो इथला ग्रामदैवत आहे का?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. शहराचा संरक्षक संत सेंट जॉन बाप्टिस्ट. जॉर्ज हा जुन्या जेनोआ प्रजासत्ताकाच्या निशाणावरचा. पांढऱ्यावर लाल क्रूस हा झेंडा त्याचाच. १४०७ मध्ये स्थापन झालेल्या बँकेलाही त्याचंच नाव होतं. तेव्हा दारावर जॉर्ज लावणं म्हणजे 'आम्ही प्रजासत्ताकाची माणसं' असं सांगणं. राज्याची मोठी सेवा केलेल्यांनाच ही पट्टी लावायचा मान मिळे, असं वाटाडे सांगतात.

जॉर्जखेरीज इतर विषयही दिसतात: मेरीला दूताने दिलेली वार्ता, क्रूस धरलेलं कोकरू, येशूच्या नावाची आद्याक्षरं. व्हिया देलि ओरेफिचीत (सोनारांची गल्ली, आपल्या सराफकट्ट्यासारखी) तीन राजांनी बाळ येशूला वंदन केल्याची लांबलचक पट्टी आहे. खाली दुकान आणि वर उंटाघोड्यांची मिरवणूक, त्यामुळे खरेदीला आलेल्यांपैकी शंभरातला एखादाच मान वर करतो.

५. काळ्या दगडाचं दार बघितलं. तो कोणता दगड?

तो आपल्या पाटीचा दगड! जेनोआच्या पूर्वेला लावान्या नावाचं गाव आहे. तिथल्या आणि मागच्या फोंतानाबुओना खोऱ्यातल्या खाणींतून हा 'आर्देझिया' निघतो. इटालियनमध्ये शाळेच्या फळ्याला शब्दच मुळी 'लावान्या'. आपण लहानपणी जिच्यावर पेन्सिलीने गिरवलं आणि ओल्या बोळ्याने पुसलं त्या पाटीच्या जातीचा दगड इथे छपरावर, जिन्याच्या पायरीला आणि श्रीमंतांच्या दाराच्या चौकटीला आहे.

तो थरांचा असतो, छिन्नीला मऊ आणि बारीक कोरायला सोयीचा. पण थराथरांनी सुटतोही. म्हणून काळ्या पट्टीवर पुष्कळदा जॉर्जचं नाक किंवा घोड्याचा पुढचा पाय गेलेला असतो. पांढऱ्या चौकटी संगमरवराच्या, बऱ्याचशा करारा या गावच्या खाणींतल्या. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचं दार पांढरं, असा ढोबळ हिशेब मी करते. अपवाद आहेतच.

६. ढालींवर काहीच नाही, सपाट आहेत. काम अर्धवट राहिलं होतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. १७९७ मध्ये नेपोलियनच्या दबावाखाली जुनं प्रजासत्ताक कोसळलं. उमरावांच्या नावांची नोंदवही, ज्याला 'सोनेरी पुस्तक' म्हणत, जाळली गेली आणि दारांवरची घराण्यांची चिन्हं छिन्नीने उडवली गेली. संताला हात लावला नाही, मालकाला पुसून टाकलं. जवळ जाऊन तिरक्या उजेडात बघा. सपाट ढालीवर छिन्नीचे घाव दिसतात, आणि कधी गरुडाच्या पंखाची कडा अजून शिल्लक असते.

७. जहाज चार तासच थांबणार आहे. कुठून कुठे जाऊ?

क्रूझच्या धक्क्यावरून चालत निघा. टॅक्सी नको. आधी कॉम्मेंदा दि प्रे, ११८० मधली यात्रेकरूंची धर्मशाळा. मग व्हिया प्रे संपते तिथे पोर्ता देई व्हाक्का ही जुनी वेस. तिच्यातून आत व्हिया देल काम्पो, पुढे व्हिया सान लुका, तिथून पियाझ्झा बान्की. इथलं चर्च दुकानांच्या डोक्यावर उभं आहे. खालची दुकानं विकून वरच्या देवळाचा खर्च भागवला होता. या शहराचा स्वभाव याहून थोडक्यात कोणी सांगू शकणार नाही.

बान्कीतून ओरेफिची, मग सान मात्तेओचा चौक (प्रश्न ९), सान लोरेन्झो (प्रश्न १०) आणि शेवटी पोर्ता सोप्राना (प्रश्न ११). व्हिया गारिबाल्दी बघायची असेल तर ओरेफिचीच्या टोकाहून वर चढा आणि पोर्ता सोप्राना सोडा. चार तासांत दोन्ही केलं तर एकही धड बघून होत नाही.

८. 'रोल्ली'चे वाडे म्हणजे काय? ते नाव सारखं ऐकू येतं.

जेनोआ प्रजासत्ताक होतं, राजा नव्हता, त्यामुळे राजवाडाही नव्हता. मग परदेशी राजे, राजदूत, कार्डिनल आले की उतरवायचं कुठे? १५७६ मध्ये सिनेटने सरळ यादीच केली: अमुक अमुक खाजगी वाड्यांनी सरकारी पाहुण्यांची सोय करायची. या याद्या म्हणजे 'रोल्ली'. वाड्यांचे दर्जे पाडलेले असत. पाहुणा जेवढा मोठा तेवढ्या वरच्या दर्जाचा वाडा, आणि त्या दर्जात कोणाकडे जायचं ते चिठ्ठी टाकून ठरायचं. चिठ्ठी निघाली की पाहुणा दारात हजर.

पाहुणा पहिल्यांदा बघणार ते दार, देवडी आणि जिना. म्हणून सगळा खर्च तिथे. व्हिया गारिबाल्दी (जुनं नाव 'स्त्रादा नुओव्हा', नवा रस्ता) १५५० नंतर आखली गेली. लांबी जेमतेम अडीचशे मीटर, पण दोन्ही बाजूंना नुसते वाडे. रुबेन्स हा चित्रकार या वाड्यांवर इतका खूश झाला की त्याने त्यांचे आराखडे १६२२ मध्ये अँटवर्पला छापून काढले. २००६ मध्ये यांतले ४२ वाडे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले.

आज काहींत बँका, काहींत संग्रहालयं आहेत आणि पलाझ्झो तुर्सीत चक्क महापालिका. तो वाडा १५६५ मध्ये निक्कोलो ग्रिमाल्दी या सावकाराने बांधायला घेतला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप त्याच्या गिऱ्हाइकांत होता आणि लोक त्याला 'मोनार्का', म्हणजे सम्राट, म्हणत. दारातून देवडी, देवडीतून पायऱ्या, वर चौक, चौकापलीकडे दोन्हीकडे फुटणारा जिना असा सगळा डोंगराचा उतार त्याने नाटकाच्या रंगमंचासारखा वापरला आहे.

९. एकाच घराण्याची दारं एकत्र कुठे बघायला मिळतील?

पियाझ्झा सान मात्तेओत. हा दोरिया घराण्याचा चौक. एका बाजूला त्यांचं चर्च, समोर आणि बाजूला भाऊबंदांची घरं, सगळं काळ्यापांढऱ्या दगडी पट्ट्यांचं. अशा पट्ट्या चर्च आणि सरकारी इमारती सोडल्या तर दोरिया, स्पिनोला, फिएस्की आणि ग्रिमाल्दी या चार घराण्यांनाच लावता येत, असं सांगतात. चर्चच्या पट्ट्यांवर घराण्याने जिंकलेल्या समुद्री लढाया कोरल्या आहेत.

कोपऱ्यावरच्या एका घरासमोर थांबा. १५२८ मध्ये प्रजासत्ताकाने ते आंद्रेया दोरिया या आरमारप्रमुखाला भेट दिलं आणि दारावर तसं लॅटिनमध्ये लिहिलं: देशाच्या मुक्तिदात्याला जनतेकडून. या चौकात मी सकाळी आठला जाते. समोरच्या घरातून एक आजी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि दार पाठीने ढकलून लावतात. त्या पाठीच्या उंचीवर चौकटीचा संगमरवर पिवळसर आणि गुळगुळीत झाला आहे. किती पिढ्यांच्या पाठी लागल्या असतील!

१०. सान लोरेन्झोच्या दर्शनी भिंतीवर कुत्रा आहे म्हणतात. खरं?

खरं. चिमुकला, झोपलेला. कुठे ते सांगणार नाही, शोधण्यातच मजा आहे.

पण कुत्र्याच्या नादात दारं विसरू नका. हे शहराचं मुख्य कॅथेड्रल. त्याला १११८ मध्ये पोप गेलासियुस दुसरा याने पवित्र केलं. समोरची तीन मोठी दारं मात्र तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि ती घडवली उत्तर फ्रान्सच्या कारागिरांनी. म्हणून त्यांचा तोंडवळा शहरातल्या बाकीच्या दारांहून वेगळा आहे. मधल्या दारावर ख्रिस्त, आणि त्याच्या खाली जाळीवर भाजला जाणारा सेंट लॉरेन्स. आत उजव्या बाजूला एक तोफगोळा ठेवला आहे. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने डागलेला हा गोळा भिंत फोडून आत पडला आणि फुटला नाही.

११. पोर्ता सोप्राना खरोखर बाराव्या शतकाची आहे का? फारच नवीकोरी दिसते.

दोन्ही खरं. फ्रेडरिक बार्बारोसा सम्राटाच्या धास्तीने शहराने ११५५ पासून तट बांधला, त्यातली ही वेस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र तिची भरपूर डागडुजी झाली, म्हणून बुरूज इतके नीटनेटके दिसतात. आतल्या बाजूला कोरलेला लॅटिन लेख वाचण्यासारखा आहे. वेस स्वतःच बोलते: शांती घेऊन आलास तर या दारांना हात लाव, युद्ध शोधत आलास तर हरून, खिन्न होऊन परत जाशील.

१२९० मध्ये जेनोआने पिसाच्या बंदराची साखळी तोडून आणली आणि तिचे तुकडे आपल्या वेशींवर टांगले. पावणेसहाशे वर्षं ते लोंबकळत होते. इटली एक होत असताना, १८६० मध्ये, ते पिसाला परत दिले.

१२. शेजारचं कोलंबसचं घर?

जागेबद्दलची परंपरा जुनी आहे, घर जुनं नाही. १६८४ मध्ये चौदाव्या लुईच्या आरमाराने शहरावर बाँबगोळे टाकले, त्यात मूळ घर गेलं. आताचं अठराव्या शतकातलं. बाजूची वस्ती पुढे पाडली गेली म्हणून ते असं एकटं उभं आहे. बाहेरून बघा आणि पुढे चला.

१३. आणखी कोणती दारं फसवतात?

पोर्ता सिबेरियाचा सैबेरियाशी काही संबंध नाही. बंदरातून अन्नधान्य या दारातून यायचं, त्या लॅटिन 'चिबारिया'चा हा अपभ्रंश. पोर्ता पिला आपल्या जागेवर नाही, ती उचलून ब्रिन्योले स्थानकामागे नेऊन ठेवली आहे. पलाझ्झो सान जॉर्जोच्या समुद्राकडच्या भिंतीवरचे पुतळे हे पुतळे नाहीत, रंगवलेले आहेत. अशा रंगवलेल्या खिडक्या, कठडे, अगदी अर्धवट उघडी झडप शहरभर आहेत. दगड महाग आणि रंग स्वस्त, शिवाय समोरची जागा आधीच अपुरी. काही रंगवलेल्या खिडक्यांच्या शेजारची खरी खिडकी उघडी असली, तिथे कपडे वाळत असले, तरच फरक कळतो.

तळमजल्याच्या भिंतींत बुजवलेल्या कमानीही बघा. त्या कधी दारं नव्हत्याच. मध्ययुगीन घरांचा तळमजला खुला ओटा असे. पुढे तो भिंतीने बंद झाला.

१४. पत्ता ४७ होता, मी ४७ समोर उभी होते, पण ते भलतंच दार निघालं. का?

कारण जेनोआत एका गल्लीत आकड्यांच्या दोन माळा आहेत. घरांचे आकडे काळे, दुकानांचे लाल. पत्त्यात आकड्यापुढे 'र' अक्षर असेल तर ते 'रोस्सो', म्हणजे लाल. काळा ४७ आणि लाल ४७ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. फोनमधल्या नकाशावर तर अजिबात विसंबू नका. उंच भिंतींमध्ये तो गोंधळतो आणि माणसाला बंद बोळात नेऊन सोडतो.

१५. दार उघडं दिसलं तर आत जावं का?

देवडीपर्यंत, तेही दिवसा आणि कोणी दिसलं तर 'पेर्मेस्सो?' विचारून. बऱ्याच इमारतींत वर दवाखाने आणि वकिलांची कार्यालयं असल्याने सकाळी दार उघडं असतं. जिना चढू नका, ती माणसांची घरं आहेत.

माझी फजिती सांगते. एकदा पोस्टमनमागोमाग एका देवडीत शिरले. छत बघता बघता तो गेला आणि मागे दार धाडकन लागलं. अवाढव्य कवाड, आतून ना कडी ना अडसर. पंधरा मिनिटं अंधारात उभी. एक गृहस्थ खाली आले, माझ्याकडे न बघता भिंतीवरचं किल्लीचं चित्र असलेलं बटण दाबलं, आणि मोठ्या कवाडातलं छोटं दार उघडलं. आपल्या वाड्यांचा दिंडी दरवाजाच! तेव्हा आत जाताच आधी ते बटण शोधा, छत नंतर.

हक्काने आत जायचं असेल तर व्हिया बाल्बी ५. विद्यापीठाची इमारत आहे. जिन्यावर दगडी सिंह आणि त्यांच्या पाठीशी टेकून परीक्षेची उजळणी करणारी मुलं.

१६. बंद वाडे कधी उघडतात?

'रोल्ली डेज'ना. साधारणपणे वसंतात आणि शरदात असे वर्षातून दोनदा, काही दिवस अनेक खाजगी वाडे लोकांसाठी उघडतात आणि बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. काहींसाठी आधी नाव नोंदवावं लागतं. तारखा दरवर्षी बदलतात, त्या बघूनच विमानाचं तिकीट काढा. ऑगस्टच्या मध्यात मात्र येऊ नका, शहर कुलूपबंद असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने इथे पूर आले आहेत, तेव्हा लाल इशारा असेल त्या दिवशी हॉटेलातच बसा.

१७. फोटो काळेच येतात. काय करू?

गल्लीत ऊन पोचतं ते भर दुपारी, थोडाच वेळ. तेव्हा संगमरवर फार चकाकतो, पण काळी पाटी सुरेख उठून येते. पांढऱ्या दारांसाठी ढगाळ सकाळ बरी. फ्लॅश नको, कोरीवकाम चपटं होतं. आणि घंटांच्या पट्टीवरची रहिवाशांची नावं फोटोत आली तर ती पुसून मगच कुठे टाका.

१८. आईबाबांना आणतोय, दोघांचे गुडघे दुखतात. जमेल?

व्हिया गारिबाल्दी, सान लोरेन्झो आणि बंदराकडची सोत्तोरीपाची कमानींची ओळ त्यांना झेपेल. उंचावरून शहर बघायला कास्तेल्लेत्तोची सार्वजनिक लिफ्ट आहे. तिचं दारही बघण्यासारखं आहे. बाकी चढणीच्या गल्ल्या टाळा. सोत्तोरीपात 'फारिनाता' मिळते, हरभऱ्याच्या पिठाची, तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेली. बाबांना 'बेसनाचं धिरडं' म्हणून द्या, नक्की आवडेल.

१९. रात्री गल्ल्या सुरक्षित आहेत का?

मोठ्या, वर्दळीच्या गल्ल्यांत काही वाटत नाही. प्रे आणि माद्दालेना भागातले आडवे बोळ रात्री उशिरा मी टाळते. खिसेकापूंपासून दिवसाही सावध राहा. मान वर करून उभा असलेला माणूस हे त्यांचं आवडतं गिऱ्हाईक.

२०. जुन्या बाजारात दाराची जुनी कडी किंवा कोरीव तुकडा दिसला. भारतात आणता येईल?

मी आणणार नाही. जुन्या इमारतीतून काढलेल्या वस्तूंना वारसा कायदा लागू होऊ शकतो आणि देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. शिवाय तो तुकडा कोणाच्या तरी चौकटीतून उचकटलेला असतो. त्यापेक्षा नव्या आर्देझियाची वस्तू घ्या, ताटली किंवा गरम भांड्याखाली ठेवायची चौकोनी फरशी. जड असते, तेव्हा एकच घ्या. मी आईसाठी चीज मांडायची सुबक ताटली नेली होती. तिने ती उलटसुलट बघितली, बोटाने घासली, 'अगं, ही तर पाटी' म्हणाली, आणि फ्रिजशेजारी टेकवून तिच्यावर खडूने दुधाचा हिशेब लिहायला लागली.